साफ्टात करिअर करू का? वरुडच्या विद्यार्थ्याला उत्तर

वरुडहून बी.कॉम. शेवटच्या वर्षाच्या एका मुलाचं पत्र आलंय. वडील संत्र्याचे व्यापारी, माल बांगलादेशला जायचा, तिथली ड्युटी वाढत गेली आणि धंदा बसला. त्याला साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार, यावर एम.ए. करून त्यातच करिअर करायचंय, आणि वडील म्हणतात त्या कराराला आता कोण विचारतं, कशाला नादी लागतो.

मित्रा, बाबांचं अर्धं बरोबर आहे. २००४ ला इस्लामाबादला सह्या झाल्या, २००६ पासून करार लागू झाला, ड्युटी हळूहळू शून्य ते ५ टक्क्यांवर आणायची ठरलं, पण प्रत्येक देशानं आपली सेन्सिटिव्ह लिस्ट बाजूला काढून ठेवली, त्यातल्या मालाला ही सवलत नाही. हा करार ज्या सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा, तिची शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली, त्यानंतर एकही नाही. पुलवामानंतर आपण पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के ड्युटी लावली. भिंतीला भिंत लागून असलेले हे देश, आणि आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के, मला याचं खरंच वाईट वाटतं. साफ्टा पुन्हा जोरात चालेल या भरवशावर एम.ए. करू नकोस.

पण विचारत कोणी नाही हे मात्र चूक. सप्टेंबर २०२४ मध्ये आपण खाद्यतेलावरची ड्युटी वाढवली आणि नेपाळमधून साफ्टाखाली शून्य ड्युटीवर रिफाइंड सोयाबीन तेल यायला लागलं, आता नेपाळात तेवढं सोयाबीन पिकत नाही, कच्चं तेल बाहेरून आणायचं, रिफाइन करायचं आणि इकडे पाठवायचं. तुमच्या शेजारच्या शेतातल्या सोयाबीनच्या भावाशी याचा थेट संबंध आहे. मग तो माल नेपाळचा म्हणायचा का? हे ठरवणाऱ्या नियमांना म्हणतात रूल्स ऑफ ओरिजिन, नेपाळसारख्या गरीब देशाला ३० टक्के व्हॅल्यू ॲडिशन, म्हणजे मालाच्या किमतीत त्या देशात पडलेली भर, दाखवली तरी चालते, आपल्याला ४० लागते. २०२० पासून इम्पोर्टरलाच ओरिजिनची माहिती जवळ ठेवावी लागते, आणि ते कागद नीट तपासणारा माणूस सगळ्यांना हवा असतो. हेच काम श्रीलंकेबरोबरच्या करारात आहे, आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या, करारात आहे, यूएईच्या आहे. बांगलादेश गरीब देशांच्या यादीतून बाहेर पडला की त्याच्या सवलतींचं सगळं परत मांडावं लागणार, तेव्हाही हेच लागेल. तेव्हा करार कुठला का असेना, तू ओरिजिन आणि टॅरिफ शिक.

आजच एक कर. बाबांचं जुनं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीच्या वेळी कस्टम्सला दिलेला कागद, काढ आणि त्यावरचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा नंबर, बघ. ०८०५१० म्हणजे ऑरेंज, ०८०५२१ म्हणजे मँडरिन, आणि आपलं नागपुरी संत्रं जातीनं मँडरिन आहे. बिलावर काय टाकलंय ते बघ, मग बांगलादेशच्या टॅरिफमध्ये त्या कोडवर काय काय लागतं ते एकेक करून लिही, कस्टम्स ड्युटी वेगळी, बाकीचे टॅक्स वेगळे. हे करताना मजा आली तर तू या कामाचा आहेस, कंटाळा आला तर आत्ताच कळलेलं बरं.

कोर्सचं म्हणशील तर दिल्लीची साउथ एशियन युनिव्हर्सिटी सार्क देशांनीच काढलेली आहे, तिथे इकॉनॉमिक्सचं एम.ए. आहे, वर्गात ढाक्याची, काठमांडूची मुलं भेटतात. पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट आहे. आयआयएफटीचं, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेडचं, एमबीए चांगलंच, पण फी घरी बसून बोला. तुझ्या जागी मी असतो तर आधी नागपूर किंवा न्हावाशेव्याला एखाद्या कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मालाची कस्टम्सची कामं करून देणाऱ्याकडे, चिकटलो असतो, आधी परीक्षा न दिलेल्या कर्मचाऱ्याच्या एच कार्डवर लागायचं, मग परीक्षा देऊन जी कार्ड घ्यायचं, त्यावर दोन वर्षं काम झालं की पदवीधराला ब्रोकर लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं. मे २०२५ ला बांगलादेशचे कपडे लँड पोर्टवरून बंद करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातून यायचं ठरलं, तेव्हा असल्या ऑफिसात बसलेल्या पोरांना एका नोटिफिकेशननं काय काय उलटतं ते कळलं असणार. एम.ए. नंतरही होतं.

आणि बाबांना सोबत घे. माल अडकला की कुणाला फोन करायचा हे त्यांना माहीत आहे, ते पुस्तकात नाही. बिल सापडलं की कोड मला कळव, पुढचं तेव्हा बोलू.