बहिऱ्या गे-लेस्बियन लोकांना वेगळी संघटना कशाला लागते? आणि ती सुरू कशी झाली?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. अमेरिकेत शहरोशहरी बहिऱ्या गे-लेस्बियन लोकांची मंडळं आहेत ती कशी उभी राहिली, हा एक. आणि "इतक्या थोड्या लोकांनी वेगळी चूल मांडायची गरज काय", हा दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

मला ऐकू येतं, पण माझे आई-बाबा दोघंही जन्मापासून बहिरे. घरातली पहिली भाषा हातांची, मराठी नंतर शेजारपाजारातून आली. (आई स्वतःला बहिरी म्हणवते. कुणी 'मूकबधिर' म्हटलं की भडकते: मुकी कुठे आहे, दिवसभर बोलतच तर असते! म्हणून मीही इथे बहिरा हाच शब्द वापरतोय. इंग्रजीत एका भाषेचा समाज म्हणून बहिऱ्यांबद्दल लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढतात. आपल्या लिपीत ती सोय नाही.) नोकरीनिमित्त काही वर्षं मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टनला खेटून राहिलो. तिथली खुणांची भाषा मला पहिल्यापासून शिकावी लागली. आपल्याकडे इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी दाखवतात, तिकडे एका हाताने. फरक तिथूनच सुरू होतो. शिकवणारा माझा ऑफिसातला मित्र बहिरा होता आणि गे होता. पुढचं बरंचसं त्याच्या आणि त्याच्या वयाने मोठ्या मित्रांच्या हातांतून माझ्यापर्यंत आलेलं आहे.

दहांतल्या नऊहून जास्त बहिऱ्या मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. म्हणजे बहुतेकांना भाषा घरी मिळतच नाही. ती मिळते वसतिगृहाच्या शाळेत, बरोबरीच्या मुलांकडून, आणि मोठेपणी टिकते ती बहिऱ्यांच्या क्लबात. अमेरिकेत एकेकाळी जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात असा क्लब होता: पत्ते, बास्केटबॉलचे संघ, शनिवारची गर्दी. आता कल्पना करा की त्या क्लबातल्या एखाद्याबद्दल बोभाटा झाला की तो गे आहे. ऐकू येणाऱ्या माणसाला समाजाने वाळीत टाकलं तर नातीगोती तुटतात, पण पानवाल्याशी, बसच्या कंडक्टरशी तो बोलू शकतोच. बहिऱ्या माणसाचं मात्र बोलणंच संपतं. घरी कुणाला त्याची भाषा येत नाही, बाहेर येत नाही, आणि जिथे येते तिथलं दार बंद. त्यात बहिऱ्यांचं जग फार छोटं. एका शाळेतली गोष्ट आठवडाभरात तीन राज्यांपलीकडे पोचलेली असते.

मग ऐकू येणाऱ्या गे लोकांच्यात का मिसळायचं नाही? मिसळायचे की. पण सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या सभांना दुभाषी क्वचितच असे. बार अंधारे. आवाज कितीही मोठा असला तरी बहिऱ्यांना त्याचं काही नाही (उलट ते या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात गप्पा मारतात), पण उजेड नसेल तर मात्र तोंड बांधल्यासारखं होतं. मित्र सांगायचा की जुन्या लोकांना कुठल्या बारमध्ये सिगारेटच्या मशीनजवळ दिवा आहे हे पाठ असायचं. त्या दिव्याखाली चारपाच जण रोज उभे.

असे दिव्याखालचे घोळके शहरोशहरी होते. त्यांना एकत्र बांधणारी राष्ट्रीय संघटना १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला स्थापन झाली: रेनबो अलायन्स ऑफ द डेफ. जागा आणि वर्ष दोन्ही लक्षात घ्या. त्याच वर्षी शेजारच्या डेड काउंटीत, म्हणजे मायामीत, समलिंगी लोकांना नोकरी आणि घराच्या बाबतीत संरक्षण देणारा नियम झाला आणि संत्र्याच्या रसाच्या जाहिरातीतली गायिका अनिता ब्रायंट हिने त्याविरुद्ध मोहीम उघडली. ७ जूनला मतदान झालं आणि दोनास एकहून जास्त मतांनी नियम रद्द झाला. सगळ्या देशाचं लक्ष तिकडे होतं. आणि त्याच फ्लोरिडात बहिऱ्या लोकांनी आपली संघटना काढली.

मला मजा वाटते ती तिच्या घटनेची. त्यात हक्कांचं रक्षण आहे, शैक्षणिक, आर्थिक, सामाजिक हित आहे, पण स्नेहभाव वाढवणं हेही उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवलंय. आपल्याकडे एखाद्या मंडळाने 'सभासदांनी एकमेकांना भेटावे' असं घटनेत लिहिलं तर लोक हसतील. इथे ती मूळ गरज होती. पुढे अमेरिका आणि कॅनडात मिळून वीसहून अधिक शाखा झाल्या. वॉशिंग्टनच्या शाखेचं नाव कॅपिटल मेट्रोपॉलिटन रेनबो अलायन्स. वायव्येकडे नॉर्थवेस्ट रेनबो अलायन्स ऑफ द डेफ. दर दोन वर्षांनी देशभराचं संमेलन. शाखांचं काम बघितलं तर सहली, बोलिंग, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असं जेवण (पॉटलक). बाहेरच्याला वाटेल, यात इतिहास काय?

पण ही सहल जमवायची कशी, ते बघा. फोन ऐकू येत नाही. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बहिऱ्या शास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलेला मजकूर पाठवायची युक्ती काढली, तिला तिकडे टीटीवाय म्हणतात. सुरुवातीची यंत्रं म्हणजे तार कंपन्यांनी मोडीत काढलेली, कपाटासारखी धुडं. दोन्हीकडे यंत्र हवं, आणि एकाने टंकून झालं की शेवटी 'जीए' लिहायचं, म्हणजे आता तू बोल. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्याशी बोलायचं तर मध्ये ऐकू येणारा माणूस हवा. आई, शेजारीण, नंतर रिले सेवेचा ऑपरेटर, म्हणजे एकाचं टंकलेलं वाचून दाखवणारा आणि दुसऱ्याचं बोललेलं टंकणारा. ही सेवा १९९० च्या अपंग हक्क कायद्याने देशभर बंधनकारक केली आणि १९९३ पासून ती सगळीकडे मिळू लागली. पण "शनिवारी येतोस का, तोही येणार आहे" हे वाक्य तिसऱ्या माणसाच्या तोंडून जाणार! त्यामुळे ही मंडळी महत्त्वाचं बोलणं समोरासमोरच करायची, आणि पुढच्या भेटीची तारीख या भेटीतच ठरायची. एक भेट चुकली की माणूस महिनाभर तुटला.

एड्स आला तेव्हा हे तुटणं जिवावर बेतलं. माहिती पत्रकांत होती, पत्रकं इंग्रजीत, आणि अनेक बहिऱ्यांसाठी इंग्रजी ही परकी भाषा. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलं, असाच शब्द त्यांना ठाऊक. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून सुटकेचा श्वास टाकलेल्या लोकांच्या कहाण्या तिकडे अजून सांगतात. दवाखान्यात दुभाषी मागावा तर तो त्याच छोट्या जगातला. व्यवसायाने गुप्तता पाळायला बांधलेला असला तरी रविवारी क्लबात समोर बसणारच. अशा वेळी खुणांच्या भाषेत नीट, न लाजता समजावणारं कुणी असेल तर ते हेच सहलीचे सोबती. पॉटलकच्या टेबलावर काय काय बोललं गेलं असेल याचा विचार केला की मला त्या बोलिंगच्या फोटोंकडे हसून बघवत नाही.

नंतरचं थोडक्यात. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बहिऱ्यांसाठीच्या विद्यापीठात 'अध्यक्ष बहिराच हवा' हे आंदोलन जिंकलं आणि एकूणच बहिऱ्यांचा आवाज (आई या शब्दावर हसेल) चढला. १९९३ मध्ये रेमंड लुझॅक या बहिऱ्या लेखकाने बहिऱ्या गे-लेस्बियन लोकांच्या लेखनाचा संग्रह संपादित केला. १९९५ मध्ये ड्रॅगो रेंटेरिया यांनी सॅन फ्रान्सिस्कोत डेफ क्विअर रिसोर्स सेंटर सुरू केलं. मग व्हिडिओफोन आले, मोबाइल आले. मध्यस्थाची गरज संपली आणि त्याबरोबर क्लबांची गर्दीही. म्हातारे सभासद कुरकुरतात की तरुण पोरं स्क्रीनवरच भेटतात. मला विचाराल तर ही कुरकुर खरी आहे, पण ज्या पोराला मोबाइलवर गुपचूप बोलता येतं त्याला दिव्याखालचा कोपरा शोधावा लागत नाही, हे काही वाईट झालं नाही.

आपल्याकडे काय? मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी लोकांचं नियतकालिक १९९० चं, त्यांच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट १९९४ चा, आणि समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. बहिऱ्यांच्या भेटीगाठी त्याच्या कितीतरी आधीपासून लोकलच्या अपंगांच्या डब्यात आणि स्टेशनांवर चालू आहेत. आमच्या घरची अर्धी माणसं आईला त्या डब्यातच मिळाली. त्यात दोन काका होते, गणपतीला नेहमी जोडीने यायचे, एकाच डब्यातून मोदक न्यायचे. मी मेरीलँडहून आईला व्हिडिओवर या संघटनेबद्दल सांगितलं तेव्हा तिने क्षणभर हात थांबवले, मग त्या दोघांची नावाची खूण केली आणि दोन्ही तर्जन्या शेजारी शेजारी धरल्या. मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. तिला कायमच ठाऊक होतं.

तिने पुढे विचारलं, तिकडचे लोक निघताना किती वेळ लावतात? मी म्हटलं, सहल पाच वाजता संपली, आम्ही गाड्या लावल्या होत्या तिथल्या खांबाखाली रात्री आठपर्यंत उभे होतो. अंधार पडल्यावर एकाने गाडीचे हेडलाइट लावून ठेवले. आई म्हणाली, दादरच्या पुलावरही तसंच असायचं, शेवटच्या ट्यूबलाइटपाशी.