गाडी हवी की पैसे, हे सही करण्याआधी ठरवा

प्रश्न: माझी दोन सीटची स्पोर्ट्स कार आठ वर्षं जिवापाड जपली. एका हॉटेलच्या दारात व्हॅलेवाल्याकडे (पाहुण्यांच्या गाड्या लावणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे) किल्ली दिली, जेवून बाहेर आलो तर गाडी गायब. ‘तुमचाच माणूस समजून कोणाला तरी किल्ली दिली,’ असं हॉटेलवाले म्हणतात. पावतीच्या मागे ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं आहे. गुन्हा त्याच रात्री नोंदवला. विमा कंपनीला मात्र साडेतीन आठवड्यांनी कळवलं, कारण तोवर आम्ही मित्रमंडळीच शोधत होतो. आता उशीर आणि निष्काळजीपणा ही कारणं देऊन कंपनीने क्लेम नाकारल्याचं पत्र पाठवलं आहे. अशातच एका जाहिरातीत दुसऱ्या राज्यातली एक गाडी दिसली. मॉडेल तेच, रंग वेगळा, पण गिअरवरची लाकडी मूठ माझीच, मी स्वतः करवून घेतलेली. माझ्याकडे दुसरी किल्ली आहे. गिऱ्हाईक म्हणून जायचं, चालवून बघतो म्हणायचं आणि सरळ घरी आणायची, असा विचार आहे. आपलीच गाडी आणली तर ती चोरी कशी? खरं सांगायचं तर मला पैसे नकोत, गाडी हवी आहे.

उत्तर: तुमच्या बेतापासूनच सुरुवात करते, कारण उरलेल्या गोष्टींना थोडा वेळ आहे, याला नाही.

आपली वस्तू परत घेणं ही चोरी होते का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीसाठी अप्रामाणिक हेतू लागतो. कायद्यात दिलेली घड्याळाची उदाहरणं यासाठी वाचण्यासारखी आहेत. दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, ज्याचे काही पैसे देणं नाही, ते मालकाने उघडपणे दुकानात शिरून हिसकावून आणलं तर ती चोरी नव्हे, मात्र घुसखोरी आणि हल्ल्याचा गुन्हा होऊ शकतो. तेच घड्याळ गहाण टाकलेलं असेल तर ते गुपचूप उचलून आणणारा मालकसुद्धा चोर ठरतो. तुमची गाडी कोणाकडे गहाण नाही. त्यामुळे ‘चोरीचा गुन्हा टिकणार नाही’ हा तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे.

पण गुन्हा टिकणार नाही आणि गुन्हा नोंदवला जाणार नाही, यात फार अंतर आहे. जाहिरात देणारा कदाचित स्वतःच फसलेला, रीतसर पैसे मोजून गाडी घेतलेला माणूस असेल. त्याच्या डोळ्यांदेखत तुम्ही गाडी घेऊन पळालात की तो पोलिसांतच जाणार. मग अनोळखी राज्यात, बहुधा बनावट नंबरप्लेट लावलेल्या गाडीत तुम्ही नाक्यावर पकडले जाल आणि ‘ही माझीच आहे’ हे रस्त्यावर उभं राहून सिद्ध करत बसाल.

याहून मोठं नुकसान पुराव्याचं आहे. पोलिसांनी गाडी तिथे जाऊन पंचनामा करून जप्त केली, तर ती कोणाच्या ताब्यात होती, कोणत्या कागदांवर होती, चॅसिस नंबर खोडलेला होता का, हे सगळं नोंदीवर येतं आणि मागची साखळी उलगडत नेता येते. गाडी तुम्हीच आणून दारात उभी केलीत, तर समोरचा सरळ म्हणेल, ‘ही गाडी आमच्याकडे नव्हतीच.’ मग तुम्ही काय दाखवणार?

आणि आणखी एक शक्यता तुम्ही धरलेलीच दिसत नाही. मूठ तुमची असेल, म्हणून गाडी तुमचीच असेल असं नाही. चोरीच्या गाड्या फोडून सुटे भाग विकले जातात, आणि दुर्मीळ मॉडेलच्या भागांना तर हमखास गिऱ्हाईक असतं. कोणा भल्या माणसाने बाजारातून ती मूठ घेऊन आपल्या गाडीला लावली असेल, तर तुम्ही त्याची गाडी पळवून आणाल.

तेव्हा जायचं ते पोलीस ठाण्यात. तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्या. जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात पत्ता, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून तयार करून घ्या. विक्रेत्याला फोन नको, मेसेज नको, मित्राकरवी चौकशीही नको. एका उत्सुक मेसेजने जाहिरात उतरते आणि गाडी हलते. मित्रांना हे बजावून सांगा, कारण अशा शोधमोहिमेत सर्वांत उतावीळ तेच असतात.

जबाबात गाडीची ओळख बारकाईने लिहून द्या. रंग आणि नंबरप्लेट तासाभरात बदलता येतात, त्यांना फार किंमत नाही. सतरा अक्षरी चॅसिस नंबर, इंजिन नंबर, सर्व्हिसच्या बिलांवर गिअरबॉक्सचा किंवा इतर भागांचा नंबर असेल तर तो, सीटखालचा डाग, दाराखाली केलेलं वेल्डिंग, डॅशबोर्ड उघडताना तुटलेली क्लिप. आठ वर्षं जपलेल्या गाडीबद्दल मालकाला अशा वीस गोष्टी सहज आठवतात. चोराला त्यातल्या दोनही ठाऊक नसतात. चॅसिस नंबर घासून टाकला तरी सगळं संपत नाही. नंबर ठोकताना त्याखालचा धातूही दबलेला असतो, त्यामुळे प्रयोगशाळेत ॲसिड लावून तो पुष्कळदा पुन्हा वाचता येतो. बऱ्याच आधुनिक गाड्यांत इंजिन नियंत्रित करणाऱ्या युनिटमध्येही चॅसिस नंबर साठवलेला असतो. ही तपासणी व्हावी, अशी लेखी विनंती त्याच जबाबासोबत द्या.

फास्टॅगचं स्टेटमेंट बँकेकडून काढून पोलिसांना द्या, मगच टॅग बंद करा. गाडीचं मोबाइल ॲप असेल तर रागाच्या भरात खातं डिलीट करू नका. शेवटचं ठिकाण तिथेच मिळू शकतं. तुमच्या नंबरवर कुठलं ई-चलान आलं तर ते मुकाट्याने भरून टाकू नका. त्यावर फोटो, ठिकाण आणि वेळ असते. ते तपास अधिकाऱ्याकडे द्या आणि वाहतूक पोलिसांना एफआयआरची प्रत जोडून कळवा. प्रादेशिक परिवहन कार्यालयालाही पत्र द्या, म्हणजे वाहन चोरीला गेल्याची नोंद होऊन परस्पर हस्तांतर रोखलं जाईल.

पोलिसांनी दाद दिली नाही तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं. या तरतुदीचा उल्लेख करून वरिष्ठांना अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता गाडी खरंच सापडली असं धरू. ज्याच्याकडे सापडेल तो म्हणेल की मी पैसे दिलेत, मी निर्दोष आहे. तो निर्दोष असेलही. पण १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ स्पष्ट आहे: विकणाऱ्याकडे नव्हती ती मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. त्याने आपले पैसे आपल्या विक्रेत्याकडून वसूल करावेत. गाडी मात्र मुद्देमाल म्हणून जप्त होईल आणि ती सोडवायला न्यायालयात अर्ज करावा लागेल, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार. तो अर्ज गाडी सापडल्याच्या आठवड्यातच टाका. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे की जप्त वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात सडवत ठेवायची नाहीत. पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन ती पंधरा दिवस ते महिन्याभरात सोडावीत. तरीही ठाण्यांबाहेर गंजणाऱ्या गाड्यांच्या रांगा आपण पाहतोच. अर्ज न करणाऱ्याची गाडी तिथेच राहते.

विम्याकडे वळते. कंपनीचं ‘उशिरा कळवलं’ हे कारण तुमच्या बाबतीत फारसं टिकणारं नाही. गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स या प्रकरणात ट्रॅक्टर चोरीला गेला होता. एफआयआर त्याच दिवशी नोंदवलेला, विमा कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०२० मध्ये ठरवलं की पोलिसांत लगेच गुन्हा नोंदवलेला असेल आणि चोरी खरी असेल, तर निव्वळ कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून क्लेम नाकारता येत नाही. तुम्ही त्याच रात्री फिर्याद दिलीत, हा तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा कागद आहे. निष्काळजीपणाचं म्हणाल, तर व्हॅले सेवा घेताना किल्ली देणं हीच रीत आहे. समजा तुमची थोडी चूक धरलीच, तरी अमलेंदु साहू (२०१०) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटीचा भंग झालेला असूनही क्लेम पूर्णपणे नाकारू दिला नाही, आणि अशोक कुमार (२०२३) प्रकरणात ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. दुसऱ्यात तर चालकाने किल्ली ट्रकमध्येच ठेवली होती.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. मग विमा लोकपालाकडे जाता येतं: फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई, आणि नकारानंतर एका वर्षाची मुदत. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालेल. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. तुमच्या प्रकरणात हॉटेललाही सोबत ओढायचं असल्याने मी ग्राहक आयोग निवडेन.

पण त्याआधी तुमचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा: पैसे नकोत, गाडी हवी. क्लेम नाकारला म्हणून तुम्ही चिडला आहात, पण त्यामुळे आज गाडीवरची मालकी निखळ तुमची आहे. क्लेम मंजूर झाला की कंपनी सबरोगेशन लेटर (तुमच्या जागी नुकसान वसूल करण्याचा हक्क कंपनीला देणारं पत्र) आणि हस्तांतराच्या फॉर्म २८, २९, ३० वर सह्या मागते. पैसे घेतल्यावर गाडी सापडली तर ती कंपनीची. तुम्ही पैसे परत करून ती मागू शकता, पण देणं न देणं कंपनीच्या हातात. त्यावर हक्क सांगता येत नाही. उलट पैसे मिळण्याआधी गाडी सापडली तर ती तुमचीच राहते आणि चोरीत झालेल्या मोडतोडीचा क्लेम करता येतो.

म्हणून माझा सल्ला असा: नकाराविरुद्धची तक्रार मुदतीत दाखल कराच, हक्क मारून घेऊ नका, पण जाहिरातीतल्या गाडीचा छडा लागेपर्यंत तडजोडीच्या कागदावर सही करण्याची घाई नको. पोलिसांनी ‘गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही’ अशी समरी पाठवली आणि न्यायालयाने ती मंजूर केली, की मग भावनेला आवर घालून पैसे घ्या. किती मिळतील हेही आत्ताच पाहून ठेवा. पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, हीच कमाल रक्कम. पाच वर्षांहून जुन्या गाडीची ती कंपनी आणि मालक यांच्यात ठरते, आणि नूतनीकरणाच्या वेळी प्रीमियम कमी बसावा म्हणून मालकच ती उतरवून घेतो. मागून बसवलेले सायलेन्सर, चाकं, सीट जाहीर केलेले नसतील तर त्यांचे पैसे विसरा.

हा फरक हॉटेलकडून भरून निघू शकतो, आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स प्रकरणात १९९८ मध्ये एका पाहुण्याने मारुती झेन व्हॅलेकडे दिली आणि दुसऱ्याच कोणीतरी ती चालवत नेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की किल्ली घेतली की हॉटेल त्या गाडीचं राखणदार झालं. गाडी परत देता आली नाही, तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलने सिद्ध करायचं. पावतीवरच्या ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या ओळीआड स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येत नाही. तुमच्या हॉटेलने तर किल्ली भलत्याच माणसाला दिल्याचं तोंडाने कबूल केलंय. सीसीटीव्हीचं चित्रण, व्हॅलेचं रजिस्टर आणि त्या पाळीतल्या माणसांची नावं जपून ठेवावीत, अशी नोटीस आजच पाठवा. चित्रण पुसलं गेलं असेल तर तेही त्यांना लेखी सांगावं लागेल, आणि ते उत्तर तुमच्याच कामी येईल.

विमा कंपनीच्या मसुद्यात एक शब्द मात्र नीट बघा. साधं सबरोगेशन असेल तर कंपनीला हॉटेलकडून तिने दिलेल्या रकमेपुरतंच मिळतं, वरचं तुमचं. ‘सबरोगेशन आणि असाइनमेंट’ असं असेल तर हॉटेलवरचा सगळाच दावा तुम्ही कंपनीला देऊन बसता. तो दुसरा शब्द काढायला सांगा.

राहिली ती दुसरी किल्ली. कंपनी दोन्ही किल्ल्या मागेल, आणि एकच दिसली की संशय घेईल. पहिली किल्ली व्हॅलेकडून गेली, हे एफआयआरमध्ये आलं आहे का ते तपासा. नसेल तर पुरवणी जबाबात घाला. हातातल्या किल्लीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, तिच्यावर नंबर कोरलेला असेल तर टिपून ठेवा. गाडी सापडली तर कुलूप आणि इमोबिलायझर (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) हीच किल्ली ओळखतात का, हे पंचांसमोर दाखवता येईल. तोवर ती कोणालाही पोचपावतीशिवाय देऊ नका, कंपनीने तपासणीला पाठवलेल्या सर्व्हेअरलासुद्धा नाही, आणि खिशात घालून दुसऱ्या राज्यात तर मुळीच जाऊ नका.