महिन्याला चार खोडरबर

पत्र बरंच मोठं होतं, छाटून देतेय.

"ताई, मुलगी सव्वापाच वर्षांची आहे, सिनियर केजीत. आम्ही हिंजवडीजवळ राहतो. साडेतीन वर्षांची असताना दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, आता पेपरच्या हेडलाइन वाचते, बारापर्यंत पाढे येतात, शंभरपासून उलटं म्हणते. शाळेत मात्र अजून १ ते ५० लिहा आणि अक्षरं गिरवा एवढंच चाललंय. वर्कशीट पाच मिनिटांत होते, एकही चूक नसते, रोज स्टार मिळतो. ते स्टार आम्ही कपाटाच्या दारावर चिकटवतो, आता दारावर जागा उरली नाही. टीचर म्हणतात तिचं झालं की मी तिला बाकीच्यांना मदत करायला सांगते, ती माझी छोटी टीचर आहे. मिस्टरांचं म्हणणं प्रिन्सिपलना ईमेल करू, तिचे वाचतानाचे व्हिडिओ जोडू, डायरेक्ट पहिलीत बसवा म्हणू. माझ्या डोक्यात ज्ञान प्रबोधिनी आहे, पुण्यातली हुशार मुलांची शाळा, तयारी आत्तापासून करावी का? अबॅकस लावू का? ईमेलमध्ये नेमकं काय लिहिलं म्हणजे शाळा सिरियसली घेईल? बाकी मुलीची काही तक्रार नाही, शहाणी आहे. खोडरबर तेवढे फार लागतात, या महिन्यात चार संपले, हाहा."

अगं, चार?

मी अकरा वर्षं बालवर्ग घेतलाय. त्या वयातल्या पोरांचे खोडरबर संपत नाहीत, हरवतात. अर्धा चावलेला असतो, पेन्सिलीने भोकं पाडलेली असतात, एखादा कुणाच्यातरी नाकात सापडतो, पण झिजून झिजून संपलेला खोडरबर मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका पाहिलाय. आणि तू लिहितेस की वर्कशीट पाच मिनिटांत होते आणि एकही चूक नसते. मग ही मुलगी खोडते काय?

म्हणून मी तुला उलट लिहून होमवर्कच्या वहीचे फोटो मागवले. तू तीन पाठवलेस, थँक्यू, आणि सोबत लिहिलंस "अक्षर बघा किती सुंदर आहे". मी अक्षर नाही बघितलं. मी दुसऱ्या फोटोतला ३८ बघितला, झूम करून. तिथे कागद इतका खरवडलाय की मागच्या पानावरचा आकडा उमटून दिसतोय, आणि त्या खरवडलेल्या जागेत नीट बघितलंस तर आधीचा पुसट आकडा दिसतो. तोही आठच आहे. बरोबर आठ. त्याच्याही खाली बहुतेक अजून एक आठ आहे. तुझ्या मुलीने बरोबर आलेलं उत्तर दोनदा खोडलंय कारण आठचं पोट खालीवर सारखं आलं नाही.

हे वाचून तुझ्या पोटात काही झालं असेल तर बरंय, व्हायलाच पाहिजे. अख्ख्या पत्रात मुलीबद्दलची काळजीची गोष्ट एकच होती, आणि ती तू हाहा लावून शेवटच्या ओळीत टाकलीस.

मला जे दिसतं ते सांगते. तिचं डोकं सात-आठ वर्षांच्या मुलाचं आहे पण बोटं सव्वापाच वर्षांचीच आहेत, ती कुणाच्याही हुशारीने लवकर मोठी होत नाहीत. डोक्याला ती शाळेत रोज जे करते त्यात चुकायला जागाच नाही. जूनपासून एकदाही तिला "अरेच्चा, हे असं नव्हतं होय" म्हणायची वेळ आलेली नाही. रोज स्टार, रोज कपाट. मग एवढ्या सगळ्या बरोबरमध्ये बिघडू शकणारी एकच गोष्ट उरते, अक्षर, आणि ती बिचारी तिथे झगडत बसते. तू फोनवर म्हणालीस की होमवर्कला चाळीस मिनिटं लागतात, "परफेक्शनिस्ट आहे, बाबांवर गेलीय". बाबांवर गेली असेल, पण पाच मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागणं हे कौतुक नाहीये गं.

१९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग छापले. मुलांना कोडी घातली, मग काहींना म्हटलं "किती हुशार आहेस", काहींना "किती मेहनत घेतलीस". हुशार म्हटलेल्यांनी नंतर जास्त करून सोपी, आपण छान दिसू अशी कोडी मागितली, अवघड कोड्यात आपटल्यावर त्यांची पुढची कामगिरीही घसरली, आणि आपले मार्क दुसऱ्यांना लिहून कळवताना खोटंही तीच जास्त बोलली. ती दहा-अकरा वर्षांची पोरं होती, एका बैठकीत एक वाक्य ऐकलेली. तुझ्या लेकीकडे स्टारनी भरलेलं कपाटाचं दार आहे.

म्हणजे तिला अवघड काम हवंच आहे, त्यात मी तुझ्याच बाजूने आहे, उलट तुझ्यापेक्षा जास्त घाईत आहे. फक्त तू मागतेयस ते ती पुढे जावी म्हणून. मला ते हवंय ती चुकावी म्हणून.

आता तो ईमेल. मिस्टरांनी ड्राफ्ट केला असेल तर डिलीट करा, व्हिडिओसकट. पहिलीत बसवणं तर होणारच नाही, आपल्याकडे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात आणि तुमची तेव्हाही साडेपाचच्या आसपास असेल. आणि समजा कुणी बसवलंच, तर पहिलीत काय वाढतं? लिखाण वाढतं! ज्या मुलीला एक आठ तीनदा लिहावासा वाटतो तिला तुम्ही जास्त आठ देणार. दुसरीची वर्कबुकं आणून देणं हाही तोच प्रकार. प्रबोधिनीचं म्हणशील तर प्रशालेतला प्रवेश पाचवीला असतो, तुमची अजून पहिलीतही नाही, तो विषय कपाटात ठेव (आत, दारावर नको).

तू एकच काम करायचंस. ही होमवर्कची वही घ्यायची आणि शाळा सुटताना क्लास टीचरला भेटायचं. कोऑर्डिनेटर नाही, प्रिन्सिपल नाही, पीटीएमची वाट बघत बसणं नाही, आणि मिस्टरही नाहीत, तू एकटी. खरवडलेलं पान उघडून त्यांच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "मॅडम, हे बघा, उत्तर बरोबर असूनही ती खोडते, तिला चुकायची भीती बसलीय. रोज पंधरा मिनिटं तिला येत नाही असं काहीतरी द्याल का, लिहायचं नसेल असं?" बस. पाढे, हेडलाइन, उलटे शंभर यातलं एक अक्षर काढायचं नाही.

मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेय म्हणून सांगते. "आमची खूप पुढे आहे, ती बोअर होते" हे वाक्य आम्ही दर मीटिंगला इतक्या आयांकडून ऐकतो की पहिल्या तीन शब्दांनंतर चेहऱ्यावर आपोआप हसू येतं आणि कान बंद होतात. यातल्या दोघींचं खरं असतं, पण त्या दोघी कोणत्या हे त्या गर्दीत कळत नाही. फाटलेलं पान मात्र कुणी दाखवत नाही. ते दाखवलंस की टीचर कान बंद करू शकत नाही, कारण आता तू मुलीची बढाई मारत नाहीयेस, मदत मागतेयस.

"काय देऊ?" असं त्या विचारतील, आणि वर्गात बाकीची पोरं असताना ते विचारणं रास्तच आहे, म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एका जुन्या डब्यात एक, दोन आणि पाचची नाणी घाल, एकची दहा, दोनची पाच, पाचची दोन. प्रश्न एवढाच, दहा रुपये किती वेगवेगळ्या प्रकारे देता येतात? बरोबर दहा प्रकारे येतात, मी चटईवर मांडून मोजलेत. तिला पहिल्या दिवशी सहा-सात सापडतील, एखादा ती दोनदा मांडेल, मग तिच्याच लक्षात येईल की हा झालाय, आणि ती नाणी उचलून परत मांडेल. नाणं उचललं की मागे डाग राहत नाही, कागद फाटत नाही. चूक झाली, हललं, पुढे. हे ती जेव्हा पहिल्यांदा करेल ना, तेव्हा तिथे कुणीतरी असायला हवं असं मला उगाच वाटतंय.

यात माझी अक्कल काही नाही. माँटेसोरीबाईंच्या लाकडी दट्ट्यांचं हेच आहे, ठोकळ्यात दहा भोकं, मूठ असलेले दहा दट्टे, एक चुकीच्या भोकात गेला की शेवटचा बसतच नाही आणि मुलाला स्वतःलाच कळतं, बाईंचा लाल पेन लागत नाही. आणि "आमच्याकडे मटेरियल नाही" म्हणाल्या तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, खडे, शंखशिंपले यांवर बालवाड्या चालवल्या, तुझा डबा त्यामानाने श्रीमंत आहे. सिलॅबसचं म्हणाल्या तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे, बालवाडीपासून दुसरीपर्यंत सगळं त्यात आलं, त्यामुळे केजीतल्या मुलीने दुसरीतला विचार केला तर आभाळ कोसळत नाही. पण हे सगळं लगेच फेकू नकोस, फाटलेलं पान पुरेल.

आणि छोटी टीचर बंद. हे टीचरना गोडीत सांग, पण सांग. मी हा घोळ स्वतः घातलाय. माझ्या वर्गात एक मुलगा होता, सगळ्यात आधी व्हायचं त्याचं, मी त्याला वर्षभर माझा असिस्टंट केला, वह्या वाट, ह्याला दाखव, तिला सांग. त्याची आई खूश, मी खूश, माझं काम हलकं झालं होतं ना. फेब्रुवारीत एकदा मी सगळ्यांना कागदाची होडी शिकवत होते, त्याला ती येत नव्हती. त्याने कागद चुरगाळून दप्तरात लपवला आणि मला येऊन सांगितलं, "मला होडी आवडत नाही." मी म्हटलं बरं, जा वह्या वाट. आज आठवलं की स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते. पाच वर्षांचं पोर, त्याला एक गोष्ट येत नव्हती, वर्षातली पहिली, आणि मी त्याला वह्या वाटायला पाठवलं.

टीचर "ओके, बघते" म्हणतील. दोन आठवडे थांब, मग पुढची वही घेऊन पुन्हा जा, तेच वाक्य, तोच सूर. तिसऱ्यांदाही जायला लागलं तर तेव्हा कोऑर्डिनेटर, आधी नाही. लाजू नकोस, चिडूही नकोस.

घरी खोडरबर लपवायचा नाही, तुला आत्ता तेच सुचलं असणार. लपवलास तर ती बोटाला थुंकी लावून खोडेल, मी पाहिलंय. पाचवाही आणून दे आणि गप्प बस. नाण्यांचा खेळ घरी तूही खेळ तिच्यासोबत, आणि तुझे दहा प्रकार पटकन सापडणार नाहीत, मला खात्री आहे, तेव्हा तिच्यासमोरच अडक.

अबॅकस नको.

सोमवारी जा. वही आत्ताच तुझ्या पर्समध्ये टाक, सकाळी गडबडीत राहील. आणि बोलताना मुलगी शेजारी उभी नको, तिला घसरगुंडीवर पाठव.