आजोबांची सायकल : कोणत्या कंपनीची, किती सालची?

प्रश्न : आजोबांची काळी, सळ्यांच्या ब्रेकची सायकल गोठ्यात पडून होती. समोरचा बिल्ला गेलाय, वरून ऑइल पेंट मारलाय. चेनच्या मोठ्या चक्रीत बगळ्याची मुंडकी कोरलेली आहेत. मागच्या चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) ‘एडब्ल्यू’ आणि ‘५४’ दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं, १९२० ची विलायती आहे. खरं काय?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बगळा ही रॅले या सायकल कंपनीची खूण. हब स्टर्मी-आर्चर कंपनीचा, तीन गिअरचा. ‘एडब्ल्यू’ हा प्रकार १९३६ पासूनचा आणि ‘५४’ म्हणजे १९५४. म्हणजे १९२० चा दावा या हबवर तरी टिकत नाही.

मात्र हे साल हबचं आहे, फ्रेमचं नव्हे. गावोगावी चाकं बदललेली असतात. गिअरची वायर फ्रेमवरून मागे नेणाऱ्या क्लिपांच्या खुणा रंगाखाली चाचपून पाहा. त्या कुठेच नसतील, तर चाक दुसऱ्या सायकलचं असण्याची शक्यता जास्त.

चक्रीही सहज बदलते, म्हणून फ्रेमचा नंबर शोधा. तो बहुधा सीटखालच्या जोडावर किंवा क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) नळीच्या पोटाला ठोकलेला असतो. तिथे पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका. उथळ आकडे घासून जातात आणि परत येत नाहीत. कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून मिनिटभर दाबून धरा, मऊ झालेला रंग फडक्याने पुसा. मग खडू चोळा आणि टॉर्च तिरपा धरून फोटो काढा. फ्रेमच्या नळ्यांवर मात्र थिनर नको. ऑइल पेंटखाली कंपनीची जुनी अक्षरं शिल्लक असली, तर तीही विरघळतील.

‘विलायती’ हे एवढ्यावर ठरत नाही. रॅले मूळची इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची, पण १९५० च्या दशकात भारतात आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यातही याच नावाच्या सायकली बनत होत्या. फ्रेमवर किंवा सुट्या भागांवर ‘इंग्लंड’ कुठे कुठे कोरलंय ते नोंदवा. एकाच भागावर असेल तर त्याला फार किंमत देऊ नका. नगरपालिकेच्या सायकल-कराचा सालाचा बिल्ला अडकवलेला असेल तर उत्तमच, सायकल निदान तेवढी जुनी.

क्रँक उघडताना मिस्त्रीला आधीच सांगा : नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या कपाला (क्रँकच्या नळीत आट्यांनी बसणाऱ्या बेअरिंगच्या वाटीला) इंचाला २६ आटे असतात, बाजारातल्या नेहमीच्या कपाला २४. नेहमीचा कप जोर लावून बसवला, तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. जुना कप काढून अर्ध्या इंचात आटे मोजा. १३ भरले तर फ्रेम रॅलेची असल्याचा हा चक्रीपेक्षा भक्कम पुरावा. तोवर रंग देऊ नका आणि विकूही नका.