रॅबिटएमक्यूतून एकच मेसेज दोनदा येतो आणि कन्झ्युमरच्या लॉगमध्ये त्रुटी दिसत नाही. काफ्कावर जावे का?

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य वाचले नसते तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. रॅबिटएमक्यू या ब्रोकरमधला, म्हणजे एका प्रोग्रामचे मेसेज रांगेत (क्यूमध्ये) ठेवून दुसऱ्याला देणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, एखादा मेसेज अधूनमधून दोनदा प्रक्रियेत जातो, मेसेज उचलून काम करणारा प्रोग्राम, म्हणजे कन्झ्युमर, व्यवस्थित चालू दिसतो, लॉग स्वच्छ आहे, आणि म्हणून "ब्रोकरच विश्वासार्ह नाही, काफ्का हा दुसरा ब्रोकर घेऊ" असे तुमचे वरिष्ठ म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. याच वाक्यावर मी नागपुरात एका कंपनीत असताना दीर्घ वाद घातलेला आहे आणि माझे मत आजही तेच आहे. ब्रोकरने मेसेज पुन्हा देणे हा बिघाड नसून त्याने पाळलेला शब्द आहे, आणि ब्रोकर बदलल्याने तो शब्द बदलत नाही.

आमचे कार्यालय गायत्रीनगरच्या आयटी पार्क परिसरात होते आणि आमचे बरेचसे ग्राहक कळमना बाजारातले संत्र्याचे अडते होते. दिवसाचा लिलाव आटोपला की अडत्याच्या गादीवरून "हिशेब बंद" केला जाई. त्यावर एक मेसेज क्यूमध्ये पडे आणि आमचा कन्झ्युमर तो उचलून त्या दिवशीच्या प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी तयार करी. म्हणजे काट्यावरचे वजन, भाव, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा करून देय रक्कम काढायची, खात्यात नोंद करायची आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस पाठवायचा. हे सारे काम एका मेसेजच्या पोटात होते आणि ते संपल्यावरच कन्झ्युमर ब्रोकरला काम झाल्याची पोच, म्हणजे अ‍ॅक पाठवत असे. उन्हाळ्यात, आवक अगदी कमी असताना, ही रचना उत्तम चालली. अंबिया बहाराची आवक भरात आली आणि काही शेतकऱ्यांची उचल दोनदा कापली जाऊ लागली.

नरखेडकडचे एक वयस्क शेतकरी दोन छापील पट्ट्या घेऊन गादीवर आले होते आणि मुनीमजींनी आम्हाला बोलावून घेतले. दोन्ही पट्ट्यांवर काटापट्टीचा क्रमांक तोच, वजन तेच, भाव तोच. खात्यात मात्र उचलीची वजावट दोन वेळा. मुनीमजी म्हणाले, "साहेब, काटा एकदा झाला, मग पट्ट्या दोन कशा?" वर्षभर राबून बाजारात आलेल्या माणसाचे पैसे आपल्या प्रणालीमुळे कमी निघाले, ही गोष्ट मला फार लागली आणि म्हणूनच मी त्या प्रकरणाच्या मुळाशी जायचे ठरवले.

कन्झ्युमरच्या लॉगमध्ये, तुमच्याप्रमाणेच, काहीही नव्हते. मी डेटाबेसमधल्या दुहेरी नोंदींच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा प्रत्येक प्रकरणात यादीतल्या पहिल्या शेतकऱ्याच्या दोन नोंदींमध्ये अर्ध्या तासाहून किंचित अधिक, पण एकतीस मिनिटांच्या आतले अंतर निघाले. योगायोगाने होणाऱ्या गोष्टी इतक्या नेमाने होत नाहीत. इतके स्थिर अंतर दिसले की कुठेतरी एखादी मुदत संपते आहे हे गृहीत धरावे. मग ब्रोकरचा स्वतःचा लॉग उघडला. तिथे कन्झ्युमर आणि ब्रोकर यांच्यातल्या संवादाच्या वाटेवरच्या, म्हणजे चॅनलवरच्या अ‍ॅकची मुदत उलटल्याची ओळ होती आणि मुदत लिहिली होती १८००००० मिलिसेकंद, म्हणजे नेमकी ३० मिनिटे.

उलगडा असा होता. रॅबिटएमक्यूच्या ३.८ मालिकेतल्या उत्तरार्धातल्या आवृत्त्यांपासून, दिलेल्या मेसेजचा अ‍ॅक ठरलेल्या मुदतीत आला नाही तर ब्रोकर ते चॅनल बंद करतो आणि त्यावरचे अ‍ॅक न झालेले सगळे मेसेज क्यूमध्ये परत ठेवतो. आमच्या ग्राहकांचा सर्व्हर हंगामाआधीच जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेला होता. हंगामात संध्याकाळी एसएमएस गेटवे मंदावे, एका अडत्याचा हिशेब अर्ध्या तासावर जाई आणि ब्रोकर तो मेसेज दुसऱ्या कन्झ्युमरकडे देई. पहिल्याला याची खबरही नसे. तो आपले काम पूर्ण करी, शेवटी बंद झालेल्या चॅनलवर अ‍ॅक पाठवू पाही, आणि लायब्ररी ती त्रुटी गिळून निमूटपणे नव्याने जोडणी करी. लॉग स्वच्छ का होता, त्याचे हे उत्तर. दुसऱ्या खेपेपर्यंत गेटवेवरचा ताण ओसरलेला असे, काम मुदतीत संपे, आणि म्हणून पट्ट्या दोनच निघत, तीन-चार नव्हे.

मी हे सगळे लिहून बैठकीत मांडले. माझी मागणी साधी होती. खात्याच्या तक्त्यात अडत्या, काटापट्टी क्रमांक आणि नोंदीचा प्रकार मिळून एक युनिक की लावावी, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर डेटाबेसच ती नाकारील. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यासाठी "ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग" पुरते. एसएमएसचे काम वेगळ्या क्यूमध्ये, शेतकऱ्यागणिक एक मेसेज, असे तोडावे. आणि अ‍ॅक डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यानंतरच, म्हणजे नोंद पक्की झाल्यावरच, जावा. आमच्या तांत्रिक प्रमुखांना हे मान्य झाले नाही. काफ्कात "एक्झॅक्टली वन्स", म्हणजे प्रत्येक मेसेजवर नेमके एकदाच काम होण्याची हमी, आहे, तेव्हा कन्झ्युमरला हात लावण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि निर्णय त्यांच्या बाजूने झाला.

हे म्हणणे चूक का आहे ते समजून घ्या, कारण तुमच्या बैठकीतही ते येणार आहे. काफ्काची एक्झॅक्टली वन्स सोय २०१७ साली ०.११ आवृत्तीत आली आणि ती खरी आहे, पण ती काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती आहे. तुमचा डेटाबेस, तुमचा एसएमएस गेटवे, तुमची बँकेला जाणारी विनंती यांच्यावर तिचा अंमल चालत नाही. कारण मूलभूत आहे: कन्झ्युमर काम करण्याआधी बंद पडला की काम करून अ‍ॅक पाठवण्याआधी बंद पडला, हे ब्रोकरला बाहेरून ओळखता येत नाही. दोन्ही प्रसंगी त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. मेसेज पुन्हा दिला तर दुहेरी काम होण्याचा धोका आणि नाही दिला तर काम बुडण्याचा. किमान एकदा पोचवण्याची हमी देणारा प्रत्येक ब्रोकर पहिला धोका पत्करतो आणि पैशांच्या व्यवहारात तोच पत्करायला हवा.

काफ्कावर गेल्यावर काय झाले तेही सांगतो. तिथे एका पोलमध्ये, म्हणजे मेसेज मागण्याच्या एका खेपेत, डीफॉल्टने ५०० पर्यंत रेकॉर्ड येतात आणि पुढचा पोल ५ मिनिटांत झाला नाही तर तो कन्झ्युमर गटाबाहेर काढला जातो, त्याच्या वाट्याचे मेसेजचे भाग, म्हणजे पार्टिशन, दुसऱ्याकडे जातात आणि शेवटच्या कमिट झालेल्या ऑफसेटपासून, म्हणजे वाचून झाल्याची शेवटची नोंद आहे तिथून, वाचन पुन्हा सुरू होते. अर्ध्या तासाची मुदत ज्यांना अपुरी पडत होती त्यांना ५ मिनिटांची कशी पुरणार? दुहेरी पट्ट्या अधिक अडत्यांकडे निघाल्या. त्यानंतर युनिक की लावली गेली आणि तक्रार थांबली. काफ्का आणि रॅबिटएमक्यू या दोहोंचा त्यात काही वाटा नव्हता. तोच मेसेज दुसऱ्यांदा आल्यास ज्याचे नुकसान होते तो कन्झ्युमर अर्धवट लिहिलेला आहे, हे माझे ठाम मत आहे, आणि तुमच्या वरिष्ठांना ते माझ्या शब्दांत दाखवायला हरकत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कन्झ्युमरमध्ये प्रत्येक मेसेजचा "रीडिलिव्हर्ड" ध्वज, म्हणजे मेसेज पुन्हा दिला असल्याची खूण, लॉग करा. दुसऱ्या खेपेला तो खरा असेल तर मेसेज अ‍ॅकअभावी परत आला आहे. मग ब्रोकरचा लॉग पाहा आणि व्यवस्थापन पानावर, म्हणजे पोर्ट १५६७२ वर, "अनअ‍ॅक्ड" (पोच न आलेले) आकडा अचानक घसरून "रेडी" (देण्यासाठी तयार) तितकाच वाढतो का ते पाहा. दोन्ही वेळा ध्वज खोटा असेल तर ते दोन वेगळे मेसेज आहेत आणि दोष पाठवणाऱ्या बाजूला आहे. बहुधा पब्लिशर कन्फर्म, म्हणजे मेसेज मिळाल्याची ब्रोकरने पाठवणाऱ्याला दिलेली पोच, वाटेत हरवल्यामुळे तिकडून मेसेज पुन्हा पाठवला गेला असावा. अशा वेळी मेसेजचा क्रमांक पाठवताना नव्हे, तर मूळ घटना घडते तेव्हाच तयार करून ठेवा, म्हणजे पुन्हा पाठवलेल्या मेसेजवरही तोच राहील.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी काफ्काच्या विरोधात नाही. जुने मेसेज पुन्हा वाचायचे असतील किंवा एकच प्रवाह अनेक प्रणालींना हवा असेल, तर काफ्काच घ्यावा. युनिक कीने एसएमएस थांबत नाही. गेलेला एसएमएस परत आणता येत नाही, आणि खात्यातली नोंद बिनचूक असेल तर एखादा दुहेरी एसएमएस मी चालवून घेईन. मुदतीची सेटिंग वाढवता येते, परंतु केवळ तेवढेच करू नका, कारण मग अडकून पडलेला कन्झ्युमर तितकाच अधिक काळ मेसेज दाबून बसेल. आणि तुम्ही आवृत्ती किंवा भाषा लिहिलेली नाही. कन्झ्युमर पायथनमध्ये पिका लायब्ररीच्या ब्लॉकिंग जोडणीवर असेल, तर ३० मिनिटांपर्यंत जायचीही गरज नाही: काम त्याच थ्रेडमध्ये (प्रोग्राममधल्या कामाच्या त्याच धाग्यात) लांबले की हार्टबीट, म्हणजे जोडणी जिवंत असल्याचा ठरावीक संदेश, जात नाही आणि ब्रोकर जोडणीच तोडतो. हार्टबीटची मुदत रॅबिटएमक्यूत डीफॉल्टने ६० सेकंद असते. तुमच्या दुहेरी नोंदींमधले अंतर मिनिटा-दोन मिनिटांचे असेल तर आधी हे तपासा आणि जड काम वेगळ्या थ्रेडवर न्या. अ‍ॅक मात्र जोडणीच्या मूळ थ्रेडवरूनच पाठवा.