सॅन डिएगोत चार दिवस फक्त क्राफ्ट ब्रुअऱ्यांसाठी: गाडी घ्यावी का, राहावं कुठे, काय टाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईहून चौघे मित्र, ऑक्टोबरात सॅन डिएगोला पूर्ण चार दिवस, मुख्य उद्देश क्राफ्ट ब्रुअऱ्या, म्हणजे स्वतःची बिअर बनवणारे छोटे कारखाने. भाड्याची गाडी घ्यावी का, मुक्काम कुठे करावा, चौघांतल्या एका शाकाहाऱ्याचं कसं होणार, आणि येताना थोडी बिअर आणता येईल का.

गाडी घेऊ नका. "आळीपाळीने एक जण पिणार नाही" हा बेत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोडतो. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाचं प्रकरण नुसत्या दंडावर मिटत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर कोर्टाचा निकाल लागण्याआधीच अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. २०१५ पासून त्यांचं तसं धोरण आहे. उघडा कॅन किंवा अर्धी बाटली गाडीत सापडली, तर तो वेगळा गुन्हा. चौघांत वाटून घेतलेली उबर किंवा तसलीच 'लिफ्ट' (Lyft) नावाची टॅक्सी या भानगडीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

आता हिशेब, कारण बहुतेकांचं पहिलं गणित इथेच चुकतं. अमेरिकी पाइंट ४७३ मिलिलिटरचा. चाखायला मिळणारा छोटा ग्लास, म्हणजे टेस्टर, साधारण ११८ मिलिलिटरचा. चार टेस्टरच्या पाटीला फ्लाइट म्हणतात. ते इवलेसे ग्लास बघून काहीच वाटत नाही, पण चार मिळून पूर्ण पाइंट होतो. आयपीए म्हणजे हॉप्स या कडवट फुलांची भरपूर चव असलेली बिअर. सात टक्के अल्कोहोलच्या आयपीएचा एक पाइंट म्हणजे आपल्याकडच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगच्या हिशेबात अडीचहून जास्त पेग. तीन ठिकाणी प्रत्येकी एकेक फ्लाइट घेतली की माणशी जवळजवळ आठ पेग झाले, तेही उन्हात. म्हणून दोघांत एक फ्लाइट मागवा. चौघांत दोन फ्लाइट, आठही बिअर वेगळ्या. चाखायला सगळं मिळतं आणि तीन ठिकाणं फिरूनही माणशी चार पेगांच्या आतच राहता. दिवसाला तीन ठिकाणं पुरे. चौथ्या ठिकाणी काय प्यालो हे दुसऱ्या दिवशी कुणाला सांगता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे नावांची यादी करून फिरणं. सॅन डिएगो हे मुंबईसारखं रेल्वेच्या एका दोऱ्यात ओवलेलं शहर नाही. ब्रुअऱ्या परगणाभर विखुरलेल्या आहेत आणि त्यांची दाटी काही ठरावीक भागांत आहे. एक दिवस एक भाग, एवढा नियम पाळा. सकाळी मिरामार, दुपारी नॉर्थ पार्क, संध्याकाळी कार्ल्सबाड असं आखलंत, तर ब्रुअऱ्यांपेक्षा फ्रीवेच जास्त बघाल.

मुक्काम लिटिल इटलीत किंवा त्याला लागून डाउनटाउनमध्ये करा. विमानतळ इतका जवळ आहे की टॅक्सीत नीट बसेपर्यंत हॉटेल येतं. सांता फे डेपो हे रेल्वे स्टेशन चालत गाठता येतं, ट्रॉली म्हणजे तिथली ट्रामही हाताशी असते. (लिटिल इटलीच्या मुख्य रस्त्याचं नाव इंडिया स्ट्रीट आहे. फोटो काढालच.) राहायला नॉर्थ पार्कही छान, पण तिथून रेल्वे लांब पडते.

ऑक्टोबर ही निवड उत्तम. या शहराच्या सूर्यप्रकाशाची कीर्ती ऐकून लोक मे-जूनमध्ये जातात आणि समुद्रावरून येणाऱ्या ढगांच्या चादरीखाली दुपारपर्यंत कुडकुडतात. स्थानिक लोक त्याला 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' म्हणतात. ऑक्टोबरात आकाश स्वच्छ असतं. मात्र कधीकधी वाळवंटाकडून सांता आना वारे सुटतात, तेव्हा हवा एकदम कोरडी आणि तापलेली होते. घाम जाणवत नाही, पण अंगातलं पाणी कमी होत राहतं. प्रत्येक फ्लाइटमागे एक मोठा ग्लास पाणी, तहान असो वा नसो. रात्री किनाऱ्याजवळ गारवा असतो, पातळ जॅकेट ठेवा.

पहिला दिवस हलका ठेवा. ऑक्टोबरात सॅन डिएगो भारताच्या साडेबारा तास मागे असतं. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तुमचं शरीर पहाटेचे साडेसहा झालेत असं धरून बसलेलं असतं. अशा वेळी नऊ टक्क्यांची डबल आयपीए नको. डाउनटाउनमध्ये कोलंबिया स्ट्रीटवर कार्ल स्ट्राउस आहे. ते १९८९ साली सुरू झालं आणि या शहराची आजची बिअरसंस्कृती तिथपासून मोजतात. तिथे एखादी हलकी लागर किंवा अंबर घ्या, जेवा, झोपा.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने उत्तरेला. सांता फे डेपोहून कोस्टर ही लोकल ओशनसाइडपर्यंत जाते आणि बरीचशी वाट समुद्राला चिकटून आहे. सोलाना बीचला उतरा, हायवे १०१ ओलांडा, समोर पिझ्झा पोर्ट. १९८७ मध्ये भावाबहिणीने सुरू केलेलं हे साधं पिझ्झाचं दुकान. १९९२ पासून ते स्वतःची बिअर बनवू लागले. लांब बाकं, ट्रेमध्ये पिझ्झा, पायात वाळू लागलेली पोरं. शाकाहारी मित्राचा हा सगळ्यात सोपा दिवस. मग पुन्हा कोस्टर पकडून कार्ल्सबाड व्हिलेज. तिथलं पिझ्झा पोर्टही स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर. दोन्हीकडे फळ्यावरची यादी वेगळी असते, म्हणून एकाच नावाची दोन ठिकाणं करायला हरकत नाही. स्वामीज आयपीए दिसली तर घ्या. हे नाव एन्सिनिटासच्या ज्या सर्फिंगच्या किनाऱ्यावरून पडलं, त्याला 'स्वामीज' म्हणतात ते शेजारच्या परमहंस योगानंदांच्या आश्रमामुळे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच पाहून ठेवा. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. आणि कॅन घेऊन वाळूवर बसायचा मोह आवरा: सॅन डिएगो शहराच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दारूला बंदी आहे.

तिसरा दिवस मिरामारचा, आणि खरं तर तुम्ही इतक्या लांब येताय ते यासाठी. मिरामार ही औद्योगिक वसाहत आहे. भोसरी किंवा अंधेरीच्या एमआयडीसीत गाळे असतात तशा शेडमध्ये ब्रुअऱ्या, शेजारी टाइल्सचं गोदाम, पलीकडे गॅरेज. दिसायला काहीच नाही. पण ताजेपणाला तोड नाही: टाकी आणि नळ यांच्यात एका भिंतीचं अंतर. ट्रॉली इथपर्यंत येत नाही, डाउनटाउनहून टॅक्सीने पंचवीसेक किलोमीटर. एलस्मिथपासून सुरुवात करा. १९९५ ची ही ब्रुअरी. त्यांची '.३९४' ही पेल एल बेसबॉलपटू टोनी ग्विनच्या १९९४ च्या फलंदाजीच्या सरासरीवरून नाव दिलेली, ६ टक्क्यांची. तिथली खरी ओळख मात्र स्पीडवे स्टाउट, कॉफी घातलेली, १२ टक्के. तिचा एक टेस्टर म्हणजे एका छोट्या पेगपेक्षा किंचित जास्त, हे लक्षात ठेवून तो सगळ्यात शेवटी घ्या. जवळच प्युअर प्रोजेक्ट आहे. तिथे धूसर, फळांच्या वासाच्या आयपीए चांगल्या मिळतात.

मिरामारमध्ये एक अडचण हमखास येते: खायला काही नसतं. कॅलिफोर्नियात छोट्या उत्पादकाच्या परवान्यावर चालणाऱ्या टॅपरूमला, म्हणजे ब्रुअरीच्या बिअर पाजण्याच्या खोलीला, स्वयंपाकघर ठेवण्याची सक्ती नाही. बाहेर फूड ट्रक उभा राहतो, पण तो कोणता आणि कधी, हे दिवसागणिक बदलतं. म्हणून आधी जेवून जा. दोन-चार किलोमीटरवर ब्लॅक माउंटन रोडला भारतीय दुकानांची आणि फरसाणवाल्यांची वस्ती आहे. तिथे जेवा, शेव-चिवड्याची पुडी बरोबर घ्या. बाहेरचं खाणं चालेल का, एवढं टॅपरूममध्ये विचारा. जिथे स्वयंपाकघर नाही तिथे बहुतेक हो म्हणतात. पण तिखट शेव बिअर चाखताना नको, नंतर. तिखटाने आयपीएचा कडवटपणा आणखी बोचतो.

चौथा दिवस नॉर्थ पार्क, पायी. डाउनटाउनहून २ किंवा ७ नंबरची बस जाते. युनिव्हर्सिटी अव्हेन्यू आणि थर्टीएथ स्ट्रीट जिथे मिळतात, तिथून चारही दिशांना बिअरची ठिकाणं आहेत. नॉर्थ पार्क बिअर कंपनीची हॉप-फू ही आजच्या वेस्ट कोस्ट आयपीएचा नमुना म्हणून प्या. वेळ उरला तर टॅक्सीने कॉन्व्हॉय स्ट्रीटवरचं ओब्रायन्स. ती ब्रुअरी नाही, पब आहे, पण वेगवेगळ्या ब्रुअऱ्यांची ताजी बिअर एका फळ्यावर बघायला चांगलं.

एस्कंडिडोची स्टोन ही ब्रुअरी मुद्दाम सोडलीय. १९९६ मध्ये सुरू झालेलं, २०२२ मध्ये जपानच्या सापोरो कंपनीने विकत घेतलेलं हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिथली बाग खरोखर देखणी आहे. पण चार दिवसांत त्यासाठी अर्धा दिवस प्रवासात घालवावा असं मला वाटत नाही. पाचवा दिवस मिळाला तर जरूर जा. सीमेपलीकडचं, मेक्सिकोतलं तिहुआनाही सोडा. बिअर तिथेही उत्तम आहे, पण परतताना सीमेवरच्या रांगेचा भरवसा नाही.

नेटवरच्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. बॅलास्ट पॉइंट ही इथलीच ब्रुअरी २०१५ मध्ये एक अब्ज डॉलरला विकली गेली आणि चारच वर्षांत एका छोट्या कंपनीकडे गेली, यावरून हा धंदा किती हलता आहे ते समजा. गेल्या काही वर्षांत बऱ्याच टॅपरूम बंद झाल्या. निघायच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणची वेळ त्यांच्या स्वतःच्या पानावर पाहा. हे बार नव्हेत: कित्येक ठिकाणं सोमवार-मंगळवारी दुपारनंतर उघडतात आणि रात्री नऊला दिवे मालवतात. शिवाय वयाची तपासणी पांढऱ्या केसांच्या माणसाचीही होते. मूळ पासपोर्ट लागतो. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालेलच असं नाही, आधार कार्ड तर नाहीच.

चवीबद्दल थोडं. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत आपण बहुधा गव्हाची बिअर किंवा सायडर पितो. गव्हाच्या बिअरचा कडवटपणा आयबीयू या मापात १० ते १५ असतो, वेस्ट कोस्ट आयपीएचा ६० च्या पुढे सहज. पहिला घोट कारल्याच्या रसासारखा लागला तर दचकू नका. तिसऱ्या घोटाला संत्र्याच्या सालीचा आणि चीडाच्या (पाइनच्या) झाडाचा वास वेगळा कळू लागतो. क्रम असा ठेवा: पिल्सनर, पेल एल, आयपीए, डबल आयपीए, शेवटी स्टाउट. उलटं केलंत तर पिल्सनर नुसतं पाणी लागेल. अंगाला लावलेल्या सनस्क्रीनचा वास ग्लासातल्या वासावर चढतो, म्हणून हात धुऊन बसा. आणि ग्लास उन्हात ठेवू नका. सूर्यप्रकाशाने हॉप्समधले कडू घटक फुटतात आणि काही मिनिटांतच बिअरला रबर जळल्यासारखा, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचा म्हणतात तो वास येतो. अंगणात बसायचं तर छत्रीखालचं टेबल धरा.

खर्चाचं म्हणाल तर यादीतल्या किमतीवर शहरात ७.७५ टक्के विक्रीकर चढतो आणि वर १८ ते २० टक्के टिप. शाकाहारी मित्राला मेक्सिकन जेवताना दोन प्रश्न विचारायला सांगा: बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी आहे का, आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का. मेन्यूवर "बीन बरीटो" लिहिलंय म्हणून ते शाकाहारी असेलच असं नाही.

बिअर आणता येते. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं आणि त्यात बिअरही मोजतात. ४७३ मिलिलिटरचे चार कॅन म्हणजे १.८९ लिटर, बरोबर एक फोर-पॅक. पण आयपीए आणू नका. हॉप्सचा वास दोन-तीन महिन्यांत उतरतो आणि उष्णतेत त्याहून लवकर. ती तिथेच प्या, कॅनच्या बुडावरची तारीख महिन्याभराच्या आतली बघून. घरी आणायला कडक स्टाउट किंवा बॅरलमध्ये मुरवलेली बिअर घ्या, ती वर्षभरही टिकते. नळावरून भरून देतात तो ग्राउलर प्रवासाला निरुपयोगी, दोन-तीन दिवसांत बिअर सपक होते. कॅन मोठ्या बॅगेतच जातील. प्रत्येक कॅन वेगळ्या झिपच्या पिशवीत घाला, जीन्समध्ये गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. कडेला ठेवलेला कॅनच चेपतो.