एसाव रोम कसा झाला

तुझा प्रश्न वाचला, की बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला एसाव तर साधा शिकारी गडी, उलट धाकटा भाऊ याकोबच त्याचा आशीर्वाद पळवतो, मग रब्बी (ज्यू धर्मपंडित) एसाववर एवढे का चिडलेत. अरे, ते त्या एसाववर चिडलेलेच नाहीत, त्यांचा राग रोमवर आहे.

एसावचे वंशज म्हणजे अदोमी, हे बायबलमध्येच आहे. बॅबिलोनने ज्यूंचं जेरुसलेममधलं पहिलं मंदिर पाडलं तेव्हा हे अदोमी 'पाडून टाका' असं ओरडत होते, ही तक्रार स्तोत्र १३७ मध्ये सापडेल. पुढे इ.स. ७० मध्ये दुसरं मंदिर रोमने पाडलं, त्यात रोमने गादीवर बसवलेला हेरोद पण अदोमी घराण्यातला, मग जोडायला कितीसा वेळ लागतो! १३५ मध्ये बार कोखबाचं रोमविरुद्धचं ज्यू बंड बेतार इथे चिरडलं गेलं आणि उत्पत्तीतल्या 'आवाज याकोबाचा, हात एसावाचे' या वाक्यातले हात थेट रोमच्या हाद्रियन बादशहाचे झाले.

मला सगळ्यात भारी वाटते ती रब्बींनी रोमला दिलेली डुकराची उपमा. ज्यू नियमात शुद्ध प्राण्याला दुभंगलेले खूर आणि रवंथ, दोन्ही लागतं. डुक्कर आडवं झालं की खूर पुढे करतं, बघा दुभंगलेत, मी शुद्ध, रवंथ करत नाही ते मात्र बोलायचं नाही, तसंच रोम लुटतं आणि वर न्यायासन मांडून बसतं. जेरुसलेममध्ये तळ ठोकलेल्या दहाव्या लीजनचं (रोमन सैन्यदलाचं) एक चिन्ह रानडुक्कर होतं, आता हा योगायोग की टोमणा, मी पैज लावणार नाही.

चौथ्या शतकात रोमच ख्रिस्ती झालं, मग अदोम म्हणजे ख्रिस्ती सत्ता. सातव्या शतकानंतर अब्राहामाचा मुलगा इश्माएल म्हणजे इस्लामी सत्ता, पिर्के दे-रब्बी एलिएझर या मिद्राशात (बायबलवरच्या रब्बींच्या विवरणात) तर त्याच्या बायकांची नावं आयेशा आणि फातिमा आहेत, म्हणजे पैगंबरांच्या पत्नीचं आणि मुलीचं नाव, काळ लगेच कळतो. आणि ख्रिस्ती लेखकांनी काय केलं, उत्पत्तीतल्या 'थोरला धाकट्याची चाकरी करील' मधला थोरला म्हणजे ज्यू आणि धाकटे आम्ही, म्हणजे याकोब दोघांनाही व्हायचंय, एसाव कुणालाच नको.

म्हणून मिद्राश वाचताना आधी समासात पेन्सिलने शतक लिही, एसाव चांगला की वाईट ते नंतर. आणि सगळे रब्बी एका सुरात बोलतात असं धरू नकोस. एसाव धावत येऊन याकोबाचा मुका घेतो ना, त्यावर एक म्हणतो मनापासून घेतला, दुसरा म्हणतो चावायलाच आला होता. शिमोन बेन गमलिएल नावाचे रब्बी तर म्हणतात, एसावने बापाची जेवढी सेवा केली त्याच्या शंभरावा हिस्सासुद्धा माझ्याकडून झाली नाही. हे शिमोनचं वाक्य बरेशीत रब्बाच्या (उत्पत्तीवरच्या मिद्राशाच्या) ६५ व्या प्रकरणात आहे, डुकराच्या शिव्या आहेत तिथेच, आधी तेवढं वाचून काढ मग फोन कर.